रस्ता आणि रिंगण यांच्या दरम्यान

जर्मनीच्या पश्चिम भागात, आयफेल नावाच्या डोंगराळ प्रदेशात, न्यूर्बुर्ग या लहानशा गावाच्या आणि त्याच नावाच्या मध्ययुगीन किल्ल्याच्या भोवताली, रानातून वळसे घेत जाणारी एक डांबरी वाट आहे. तिच्या मुखाशी, आपल्याकडील पथकराच्या नाक्यावर असते तसे, एक आडवे फाटक आहे. आणि ज्याच्यापाशी मोटार हाकण्याचा वैध परवाना आहे, ज्याचे वाहन सरकारदप्तरी रीतसर नोंदलेले आहे, आणि ज्याने तीस-पस्तीस युरो मोजून एका फेरीचे तिकीट घेतले आहे, अशा कोणाही माणसासाठी ते उघडते. त्याच्या कौशल्याची परीक्षा कोणी घेत नाही. ही वाट त्याने पूर्वी कधी पाहिली आहे की नाही, असेही कोणी विचारीत नाही. फाटकापलीकडे २०.८३२ किलोमीटर लांबीचा, सुमारे ३०० मीटरांचा चढउतार असलेला आणि अधिकृत गणनेप्रमाणे ७३ वळणांचा तो मार्ग पसरलेला असतो, ज्याला नॉर्डश्लाइफे, म्हणजे उत्तरेकडील वळसा, असे नाव आहे आणि ज्याच्यावर अनेक नामांकित मोटार कंपन्या आपल्या नव्या गाड्यांची कसोटी पाहतात.

सुटीच्या दिवशी या फाटकापुढे जी रांग लागते तिच्यात शर्यतीसाठीच जन्मास आल्यासारखी दिसणारी पोर्शे असते, तिच्यामागे एखादी साधी कौटुंबिक मोटार असते, तिच्याही मागे शेजारच्या देशातून रात्रभर प्रवास करून आलेल्या चौघा तरुणांची जुनी, स्वतः दुरुस्त केलेली गाडी असते. त्या रांगेतील प्रत्येकाच्या मनात थोडीबहुत अशीच भावना असते की आपण शर्यतीच्या मार्गावर निघालो आहो. आणि कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांतील प्रत्येक जण एकेरी वाहतुकीच्या, पथकर घेणाऱ्या एका रस्त्यावर निघालेला असतो. या दोन समजुतींमध्ये जे अंतर आहे त्याच्याविषयी मला लिहावयाचे आहे. वेग हाच काय तो अनर्थाचे मूळ आहे, असे सरसकट म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु वेगाशी जन्मभर संसार केलेल्या माणसांनी शंभर वर्षांत जे शिकून ठेवले आहे ते पाहिले म्हणजे वाटते की खरा धोका अर्धवटपणात आहे. सार्वजनिक रस्त्याची सुरक्षितता संयमावर उभी असते: मर्यादित वेग, ठरलेले नियम, आणि त्या वेगाला पुरतील एवढेच पट्टे व हवेच्या उशा. शर्यतीची सुरक्षितता संरक्षणावर उभी असते: वाहनाभोवतीचा पोलादी पिंजरा, अग्निरोधक वस्त्रे, वळणाबाहेरची मोकळी जागा, जागोजागचे निशाणदार, हाकेच्या अंतरावरचा वैद्य. हौशी चालक या दोन्ही व्यवस्थांच्या मधल्या पट्टीत उतरतो. शर्यतीकडून तो वेग घेतो आणि संरक्षण मात्र रस्त्याचेच घेऊन येतो.

न्यूर्बुर्गरिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मार्गाचा जन्मच मुळी दुहेरी हेतूतून झाला. पहिल्या महायुद्धानंतर आयफेलच्या दरिद्री पठारावर रोजगार नव्हता, आणि अडेनाऊ जिल्ह्याचा प्रशासक डॉ. ओटो क्रॉयट्झ याने, कोलोनचा तत्कालीन महापौर आणि पुढे पश्चिम जर्मनीचा पहिला पंतप्रधान झालेला कोनराड आडेनाउअर याच्या पाठिंब्याने, बेकारांच्या हाताला काम देणारी ही योजना १९२५ साली सुरू करविली. १९२७ च्या जूनमध्ये मार्ग खुला झाला आणि मोटारींच्या पहिल्या शर्यतीत रुडॉल्फ काराचोला मर्सिडीज हाकीत विजयी झाला. शर्यती नसतील त्या वेळी पैसे भरून कोणालाही येथे गाडी नेता येईल, ही तरतूद प्रारंभापासूनच होती. कारण ज्या प्रदेशात पैसा नव्हता तेथे एवढा मोठा मार्ग वर्षातून चार-दोन शर्यतींसाठी राखून ठेवणे परवडण्यासारखे नव्हते.

पुढील पन्नास वर्षांत मोटारी बदलल्या, डोंगर बदलला नाही. १९६८ साली धुक्यात आणि पावसात झालेल्या ‘जर्मन ग्रां प्री’ या शर्यतीत जॅकी स्ट्युअर्ट हा चालक चार मिनिटांहून अधिक फरकाने जिंकला, आणि तरीही या जागेला ‘हिरवा नरक’ हे नाव त्यानेच दिले. जिंकणाऱ्याने दिलेले हे नाव असल्यामुळे त्याच्यात पराभवाची चिडचिड शोधता येत नाही. १९७६ साली त्याच शर्यतीपूर्वी निकी लाउडा या चालकाने सहकाऱ्यांपुढे बहिष्काराचा प्रस्ताव मांडला. एवढ्या लांब मार्गावर पुरेसे निशाणदार, पुरेशी अग्निशामक साधने आणि पुरेशा रुग्णवाहिका ठेवणेच अशक्य आहे, हे त्याच्या भीतीचे मूळ होते. प्रस्ताव मतास टाकला गेला आणि फेटाळला गेला. १ ऑगस्ट रोजी, शर्यतीच्या दुसऱ्याच फेरीत, ‘बेर्गवेर्क’ म्हणजे खाण या नावाच्या वळणाच्या अलीकडे त्याची फेरारी भरकटली, आदळली आणि पेटली. त्याला आगीतून ओढून काढले ते कोणा अग्निशामक दलाने नव्हे, तर मागून आलेल्या आर्तुरो मेर्झारियो, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड एर्टल या चार प्रतिस्पर्ध्यांनी. लाउडा जगला, सहा आठवड्यांत इटलीतील मोन्झा येथे पुन्हा गाडीत बसला. फॉर्म्युला वन ही सर्वोच्च दर्जाची शर्यतमालिका मात्र या डोंगरवाटेवर पुन्हा कधीच आली नाही. १९८४ साली शेजारीच नवा, आखूड, रुंद आणि मोकळ्या कडांचा मार्ग बांधण्यात आला.

जगातले सर्वोत्तम चालक ज्या वाटेला भिऊन निघून गेले ती वाट सर्वसामान्यांसाठी मात्र पूर्ववत खुली राहिली. प्रथमदर्शनी हे विपरीत वाटते. पण याला एक उत्तर आहे आणि ते प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे: सामान्य माणूस त्या वेगाने जाणार नाही, तो आपल्या वकुबाप्रमाणे गाडी हाकील, आणि तशी हाकली तर हा एक रम्य डोंगरी रस्ता आहे, ज्याच्यावर समोरून कोणतेही वाहन येत नाही. हे उत्तर खोटे नाही. दरवर्षी हजारो माणसे येथे येतात आणि सुखरूप परततात. त्या उत्तराची एक अट आहे, ती म्हणजे ‘आपल्या वकुबाप्रमाणे’ हे दोन शब्द. आणि आपला वकूब किती, हे हौशी माणसाला कळण्याचा मार्ग बहुधा एकच असतो, तो म्हणजे तो ओलांडणे.

नियम तसे कडक आहेत. पर्यटकांच्या फेऱ्यांना जर्मनीच्या सर्वसाधारण वाहतूक कायद्याची बंधने लागू आहेत. शर्यत लावण्यास मनाई आहे, घड्याळ लावून वेळ मोजण्यास मनाई आहे, आणि नोंदणी नसलेल्या शर्यतीच्या गाड्यांना मज्जाव आहे. जर्मनीत वाहने उजव्या बाजूने चालतात, तेव्हा संथ चालकाने उजवी कड धरावी आणि मागून येणाऱ्याने केवळ डावीकडून पुढे जावे, हा येथला सर्वांत महत्त्वाचा दंडक होय. आता ज्याने शर्यतीचा थोडासाही अभ्यास केला आहे त्याला ठाऊक असते की वळण वेगाने घेण्यासाठी चालक रस्त्याची सगळी रुंदी वापरतो: बाहेरून आत आणि आतून पुन्हा बाहेर. एका गाडीतील माणूस ही शर्यतीची रेषा धरतो, दुसऱ्या गाडीतील माणूस कायद्याप्रमाणे उजव्या कडेस चिकटून चालतो, आणि दोघेही एकाच वळणावर एकाच क्षणी येतात. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. ताशी २५० किलोमीटर वेगाने जाऊ शकणारी गाडी आणि चढावर धापा टाकणारी गाडी एकाच अरुंद फितीवर असताना आरशात क्षणापूर्वी जे दिसत नव्हते ते क्षणानंतर पाठीशी येऊन ठेपते. दुचाकीस्वारांना तर या मिश्रणाचा सर्वाधिक जाच होत असे, कारण जो धक्का मोटारीचा पत्रा वाकवितो तोच स्वाराचे हाड मोडतो. २०२५ पासून या पर्यटक-फेऱ्यांत दुचाकींना प्रवेश बंद करण्यात आला आहे. अनेक जुन्या स्वारांना त्याचे वाईट वाटले. मला तो निर्णय योग्य वाटतो.

वाटेची रचनाही नवख्याला फसविणारी आहे. पुष्कळशी वळणे उंचवट्याच्या माथ्यापलीकडे दडलेली असतात, आणि माथ्यावर गाडी हलकी होते तेव्हाच चाकांना पकडीची सर्वांत अधिक गरज असते. ‘फ्लुगप्लाट्झ’ म्हणजे विमानतळ या नावाच्या जागी वेगवान गाड्यांची चाके जमीन सोडतात. ‘फुक्सर्‍योर’ या, कोल्ह्याच्या बिळाचे नाव लाभलेल्या, उतारावर गाडी तळाशी दाबली जाते आणि लगेच चढ लागतो. तो चढ संपताना ‘आडेनाउअर फॉर्स्ट’ येथे वाट सरळ जात असल्याचा भास होतो आणि वस्तुतः ती डावीकडे मुरडून पुन्हा उजवीकडे वळते. तेथे हिरवळीवर गेलेल्या चाकांचे ठसे सहसा बुजत नाहीत, आणि प्रेक्षकही मुद्दाम तेथे येऊन उभे राहतात, ही गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. आधुनिक मार्गांवर वळणाच्या बाहेर वाळूचे खड्डे किंवा डांबराची रुंद मोकळी पटांगणे असतात. चूक करणाऱ्याला थांबावयास जागा मिळते. येथे बहुतेक ठिकाणी गवताची एक पट्टी आणि लगेच पोलादी कठडा. शिवाय वीस किलोमीटरांच्या घेरात हवामान एकच असते असे नाही. नाक्यापाशी ऊन असताना पलीकडच्या दरीत पाऊस पडून गेलेला असतो. एखाद्या गाडीचे तेल वा इंजिन थंड ठेवणारे द्रव्य सांडले तर त्याची वर्दी मागच्यांना मिळेपर्यंत मधला वेळ जातो, आणि त्या वेळात येणारी प्रत्येक गाडी आंधळी असते.

आता गाडीकडे वळू. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत शिकलेले सूत्र येथे पायाखाली येते. दीड हजार किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटरांवर असताना तिच्यात जेवढी ऊर्जा असते तिच्या चौपट ती २०० वर असताना असते. आणि ती गाडी पूर्ण थांबविताना ब्रेकांना जी उष्णता गिळावी लागते तेवढ्यात ३० अंशांचे जवळजवळ आठ लिटर पाणी उकळीस येईल. रस्त्यावर असा प्रसंग क्वचित येतो आणि मग ब्रेकांना निवावयास अवकाश मिळतो. मार्गावर तो दर काही सेकंदांनी, थोड्याफार प्रमाणात, फिरून फिरून येतो. पायाचा दाब चाकांपर्यंत पोहोचविणारे ब्रेक-ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ४’ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये अशी मानकाची अट आहे, पण ओलावा शोषलेल्या त्याच तेलासाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळले की त्यात बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल कोणताही विरोध न करता थेट तळाशी जाते. कोकणातील वा मुंबईतील चार पावसाळे पाहिलेले तेल गाडीत ठेवून मार्गावर जाणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानात यावे. शहरात ती गाडी पुढेही वर्षानुवर्षे विनातक्रार थांबत राहिली असती, आणि म्हणूनच मालकाला शंका येत नाही.

टायरांचेही तसेच. सतत घासून ते तापतात, आतल्या हवेचा दाब चढतो, पकड प्रथम वाढते आणि मग हळूहळू निसटू लागते. सकाळी बसलेला विश्वास घेऊन चालक दुपारच्या फेरीला निघतो तेव्हा त्याच्या चाकांखालची गाडी सकाळची राहिलेली नसते. त्यात वळणाच्या मध्यावर भय वाटून त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला की गाडीचे वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर झुकतो. रस्त्यावर ‘भीती वाटली तर पाय उचल’ हा शहाणपणाचा धडा असतो; तोच धडा येथे अपघाताचे कारण होतो. आणखी एक सवय माणसाच्या देहातच आहे: ज्या गोष्टीवर आपण नजर खिळवितो तिकडे हात आपोआप वळतात. कठड्याकडे पाहणारा कठड्यावर जातो. वळणाच्या पलीकडे, जेथे जावयाचे आहे तेथे, पाहत राहण्यास शिकणे हा मार्गावरील शिक्षणाचा पहिला पाठ आहे, आणि तो पुस्तक वाचून येत नाही.

ब्रिटनमधील, अमेरिकेतील आणि इतर अनेक ठिकाणच्या बंद मार्गांवर हौशी चालकांसाठी जे ‘ट्रॅक डे’ भरविले जातात त्यांत या अनुभवांचा उपयोग करून घेतलेला दिसतो. सकाळी सर्वांना एकत्र बसवून निशाणांचा अर्थ समजावून दिला जातो: पिवळे म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा आणि कोणास ओलांडू नका, पिवळ्यावर तांबडे पट्टे म्हणजे वाट निसरडी, तांबडे म्हणजे फेरी थांबविली, सावकाश परत या, निळे म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. नवखे, मध्यम आणि निष्णात यांचे गट निराळे केले जातात, आणि पुष्कळ ठिकाणी केवळ सरळ भागावर, तेही पुढच्याने हाताने खूण केल्यावरच, मागच्याने पुढे जाण्याची मुभा असते. हा हाताच्या खुणेचा नियम मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. शर्यतीत पुढे जाणे हिसकावून घ्यावयाचे असते. येथे ते दिले जाते.

संरक्षणाच्या साधनांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण अर्धवटपणाचा खरा घात येथे दिसतो. १९५६ साली विल्यम स्नेल नावाचा हौशी चालक कॅलिफोर्नियात शर्यतीत उलटलेल्या गाडीखाली डोक्यास मार बसून मरण पावला. त्याच्या मित्रांनी व परिचित वैद्यांनी पुढील वर्षी त्याच्या नावाने जी स्मारक संस्था काढली तिनेच शिरस्त्राणांची शास्त्रीय परीक्षा रूढ केली. मोटारीतल्या चालकाचे शिरस्त्राण आणि दुचाकीस्वाराचे शिरस्त्राण या दोहोंची मानके ती संस्था निरनिराळी ठेवते: मोटारीतल्या शिरस्त्राणास आगीची परीक्षा द्यावी लागते, आणि गाडीच्या आतील पोलादी दांड्यावर आदळण्याचीही. घरात आहेच म्हणून स्कूटरचे हेल्मेट घालून मार्गावर जाणाऱ्याला हा भेद ठाऊक नसतो. डोके वाचले तरी मान उरतेच. समोरून आदळताना धड पट्ट्यांनी जखडलेले असते आणि शिरस्त्राणाचे वजन धरून डोके पुढे फेकले जाते. कवटीच्या तळाचे हाड तेथे भंगते. रॉबर्ट हबर्ड या जीवयांत्रिकीच्या प्राध्यापकाने जिम डाउनिंग या आपल्या शर्यतपटू मेहुण्याबरोबर १९८० च्या दशकात खांद्यांवर बसणारी एक कमान सिद्ध केली, जी शिरस्त्राणाला दोन पट्ट्यांनी बांधून डोक्याची ती झेप आवरते. ‘हान्स’ या नावाने ती ओळखली जाते. वर्षानुवर्षे चालकांनी तिला अडगळ मानले. १८ फेब्रुवारी २००१ रोजी अमेरिकेत डेटोना येथे डेल अर्नहार्ट हा प्रख्यात चालक अशाच इजेने गेला, आणि मग ती सर्वत्र पसरली. २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये ती सक्तीची आहे.

आता हौशी माणूस म्हणतो, मीही ती कमान घेईन. पण ती कमान खांद्यांवरील दोन पट्ट्यांखाली दाबून बसते. साध्या मोटारीतल्या, एकाच खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यात ती धरून राहत नाही. मग तो शर्यतीचे चार टोकांचे पट्टे बसवितो. पण त्या पट्ट्यांना मांड्यांमधून जाणारी फीत आणि ती ओवून घेणारे खास आसन नसेल, तर धडकेत शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकते आणि पट्टा ओटीपोटात रुततो. तेही आसन त्याने बसविले, तरी गाडी उलटली आणि छत दबले, तर साध्या पट्ट्यातला माणूस बाजूस कलंडू शकतो, हा मात्र ताठ जखडलेला राहतो आणि छताचा भार त्याच्या मस्तकावर येतो. म्हणून पोलादी पिंजरा हवा. आणि पिंजरा बसविलेली तीच गाडी घेऊन तो सोमवारी कामावर गेला, तर किरकोळ धडकेतही त्याचे उघडे डोके जवळच्या दांड्यावर आपटते. प्रत्येक साधन दुसऱ्या साधनाच्या भरवशावर उभे असते. एकतर कारखान्याने जशी दिली तशी गाडी, तिचे तीन टोकांचे पट्टे आणि हवेच्या उशा यांसह, बेताच्या वेगाने हाकावी, नाहीतर शर्यतीची व्यवस्था साद्यंत स्वीकारावी.

शिक्षकाची सोबत हा पुष्कळांना सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो, आणि तो आहेही; पण तो शिक्षक कोठे बसलेला असतो याचा विचार क्वचित होतो. त्याच्या पुढ्यात सुकाणू नसते, पायाखाली ब्रेक नसतो, आणि ज्याच्या चुका सुधारावयास तो आलेला असतो त्याच्याच हाती त्याचे प्राण असतात. शॉन एडवर्ड्स हा ब्रिटिश चालक २०१३ च्या मे महिन्यात न्यूर्बुर्गरिंगची चोवीस तासांची शर्यत जिंकलेल्या चमूत होता. त्याच वर्षी लाउडाच्या जीवनावरील ‘रश’ हा चित्रपट आला, आणि त्यात १९७६ च्या त्या आगीच्या प्रसंगी धावून जाणाऱ्या गाय एडवर्ड्सची भूमिका शॉननेच केली होती. गाय एडवर्ड्स हा त्याचा पिता. १५ ऑक्टोबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड रेसवे येथे एका तरुणाला शिकविण्यासाठी तो शेजारच्या आसनावर बसला असताना गाडी टायरांच्या तटबंदीवर आदळून पेटली आणि तो मरण पावला. वय २६. शर्यतीच्या ऐन धुमश्चक्रीत ज्याला काही झाले नाही, तो एका खाजगी सरावाच्या दिवशी, दुसऱ्याच्या हाती सुकाणू असताना गेला.

अपघातानंतर जो दुसरा आघात होतो तो कागदपत्रांचा. मार्गावर उतरण्यापूर्वी बहुतेक ठिकाणी एक दस्तऐवज पुढे येतो, ज्यात धोका मला मान्य आहे आणि नुकसानभरपाईचा दावा मी करणार नाही, अशी कबुली असते. चालक तो न वाचता सही करतो, आणि संयोजक त्याला अभेद्य ढाल समजतो. दोघेही चुकतात. २ जून २००५ रोजी कॅलिफोर्नियातील फाँटाना येथे अशाच एका हौशी मेळाव्यात, थांब्यातून मार्गावर येणाऱ्या एका गाडीला चुकविताना एक पोर्शे काँक्रीटच्या भिंतीवर आदळली आणि चालक व सोबती दोघेही मृत्यू पावले. सोबत्याच्या पत्नीने दावा लावला. सही केलेला कबुलीनामा होता, तरीही शेवटी सुमारे ४५ लाख डॉलरांची तडजोड झाली, आणि तिच्यात मृत चालकाच्या मिळकतीपासून मार्ग चालविणारे, मेळावा भरविणारे, मोटार बनविणारी कंपनी, इतकेच काय ती दुसरी गाडी हाकणारा, या सर्वांना आपापला वाटा उचलावा लागला. कोणा एकाच्या चुकीने हे घडले असे म्हणता आले नाही, हा त्या प्रकरणाचा खरा आशय आहे. न्यूर्बुर्गरिंगवर तर मोडलेल्या कठड्याची दुरुस्ती, गाडी ओढून नेण्याचा खर्च आणि मार्ग बंद ठेवावा लागला त्याचे शुल्क, यांची हजारो युरोंची आकारणी चालकाच्या नावे निघते. आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा देणाऱ्या अनेक कंपन्या अशा फेऱ्या करारातून स्पष्ट वगळतात. साध्या भाड्याच्या मोटारी देणाऱ्या पेढ्याही आपल्या गाड्या तेथे नेण्यास बहुधा मनाई करतात.

आपल्याकडील वाचकाने येथे आपली विम्याची पॉलिसी काढून पाहावी. खाजगी मोटारीच्या प्रचलित पॉलिसीत वापराच्या मर्यादा सांगणारे जे कलम असते त्यात संघटित शर्यत, वेगाची चाचणी आणि तत्सम उपयोग वगळलेले आढळतील. मोटार वाहन कायद्यातही, शर्यत वा वेगचाचणीसाठी वापर न करण्याची अट मोडली गेली असेल तर तेवढ्या आधारावर विमा कंपनीला तिऱ्हाइताच्या दाव्यात बचाव घेण्याची मुभा आहे. आणि त्याच कायद्याच्या १८९ व्या कलमान्वये राज्यशासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी शर्यत वा वेगाची चढाओढ करणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या अपराधाची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, आणि पुढच्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद वा दहा हजारांपर्यंत दंड, अशी वाढविण्यात आली.

कायदा आहे, आणि तरी रविवारी पहाटे पुण्यामुंबईहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जे आवाज ऐकू येतात ते सर्वांनी ऐकले आहेत. त्या तरुणांना केवळ तंबी देऊन भागणार नाही. त्यांना जागा दिली पाहिजे. आपल्या देशात चेन्नईनजीक इरुंगट्टुकोट्टै येथे १९९० पासून, कोइमतूरनजीक कारी नावाचा मार्ग २००३ पासून, आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे २०११ पासून ५.१२५ किलोमीटरांचा बुद्ध मार्ग, असे प्रशस्त मार्ग उभे आहेत, आणि त्यांच्यावर हौशी चालकांचे दिवसही भरतात. तेथे समोरून ट्रक येत नाही, शाळेतून सुटलेले मूल आडवे धावत नाही; वळणाबाहेर जागा असते आणि निशाण हाती घेतलेला माणूस उभा असतो. एवढ्याने सगळे संकट टळत नाही, पण जे उरते ते स्वतः पत्करलेले असते आणि वाटसरूच्या माथी मारलेले नसते. मोटारींच्या कारखान्यांनी गजबजलेल्या चाकणच्या परिसरातल्या तरुणाला यासाठी वर्षानुवर्षे तामिळनाडूपर्यंत जावे लागले, ही गोष्ट महाराष्ट्राला भूषणावह नाही, असे मला मनापासून वाटते.

शेवटी पुन्हा आयफेलकडे येऊ. न्यूर्बुर्ग गावात साबिने श्मित्झ नावाची एक मुलगी वाढली. तिच्या आईबापांचे हॉटेल मार्गाच्या अगदी लगत होते. पुढे तिने चोवीस तासांची शर्यत १९९६ आणि १९९७ अशी दोनदा जिंकली; आणि शर्यतींबरोबरच ती अनेक वर्षे आणखी एक काम करीत राहिली, ते म्हणजे ‘रिंग टॅक्सी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाडीत अनोळखी पाहुण्यांना बसवून त्यांना ही वाट दाखविणे. ज्यांना आपला वकूब अजमावण्याचा मोह होता, अशा किती माणसांनी तिच्या शेजारी बसून तो मोह फेडून घेतला असेल, आणि स्वतःच्या गाडीत परतल्यावर किती जण उजव्या कडेने सावकाश गेले असतील, याची मोजदाद नाही. हजारो फेऱ्यांत या वाटेने तिला काही केले नाही. १६ मार्च २०२१ रोजी ती कर्करोगाने गेली, आणि त्याच वर्षी नॉर्डश्लाइफेच्या पहिल्या वळणाला तिचे नाव देण्यात आले. तिकीट दाखवून, फाटक ओलांडून निघालेल्या प्रत्येक नवख्या चालकाला तिच्या नावाच्या त्या वळणावरून जावे लागते.